‘त्यांना मुलांची पर्वाच नसते’: एका फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: हिस्पॅनिक (म्हणजे लॅटिनो, मेक्सिकोसारख्या स्पॅनिश भाषक देशांतून आलेल्या कुटुंबांतली) मुलं लठ्ठ होतात कारण आईबापांना पर्वा नसते, सरकारी पैशावर घरात कोक येतो, आणि त्यांच्यासाठी वस्त्यांमध्ये चालणारे आहार-व्यायामाचे वर्ग म्हणजे करदात्यांच्या पैशाचा चुराडा; त्यापेक्षा घरचं खा म्हणावं त्यांना. मूळ प्रश्न खरा आहे. २०१७ ते २०२० च्या सरकारी पाहणीत २ ते १९ वयोगटातली २६.२ टक्के हिस्पॅनिक मुलं लठ्ठ आढळली. गोऱ्या मुलांत हे प्रमाण १६.६ टक्के होतं. पण कारणं?

‘पर्वा नसते.’ टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात डॉ. शारी बार्किन यांच्या चमूने ६१० गरीब कुटुंबांचा तीन वर्षं अभ्यास केला. बहुतेक कुटुंबं लॅटिनो, निम्म्याहून अधिकांचं वार्षिक उत्पन्न २५ हजार डॉलरच्या आत. त्यातल्या निम्म्या कुटुंबांसाठी आधी बारा आठवडे दीड-दीड तासाचे वर्ग, मग पुढे फोन आणि संदेश. तीन वर्षांनीही दहापैकी जवळपास नऊ कुटुंबं अभ्यासात टिकून होती. बेपर्वा माणसं इतकी टिकत नाहीत. गुटगुटीत बाळ म्हणजे निरोगी बाळ, असं तिथल्या आज्यांना वाटतं हे खरं. आपल्या आज्यांना काय वेगळं वाटतं?

‘सरकारी पैशावर कोक.’ इथे दोन योजनांची खिचडी झाली आहे. ‘स्नॅप’च्या, म्हणजे गरीब कुटुंबांना किराण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, पैशातून बऱ्याच राज्यांत कोक घेता येतो, हे मान्य. पण गरोदर बायका, नव्या आया आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी असलेल्या ‘विक’ योजनेत काय घ्यायचं याची यादी ठरलेली असते, आणि तिच्यात कोक नाही. २००९ मध्ये ती यादी बदलली: फळं-भाज्या आणि अख्ख्या धान्याचे पदार्थ आले, फळांचा रस कमी झाला, दोन वर्षांवरच्या मुलांना कमी स्निग्धांशाचं दूध मिळू लागलं. ‘विक’मधल्या २ ते ४ वर्षांच्या मुलांतला लठ्ठपणा २०१० मध्ये १५.९ टक्के होता, तो २०१६ मध्ये १३.९ वर आला. (२०१८ मध्ये पुन्हा १४.४.) सगळं श्रेय यादीला देता येणार नाही, पण सरकारी मदतीने मुलं फुगतात हा दावा या आकड्यांपुढे टिकत नाही. उलट, आपल्या कागदपत्रांची चौकशी होईल या भीतीने अनेक स्थलांतरित कुटुंबं हक्काची मदतही सोडून देतात.

‘पैशाचा चुराडा.’ फॉरवर्ड करणाऱ्यांना आवडेल अशी माहिती मीच देतो: नॅशव्हिलच्या त्या अभ्यासात, २०१८ मध्ये निकाल आला तेव्हा, दोन्ही गटांतल्या मुलांच्या बीएमआयमध्ये (उंचीच्या मानाने वजनाच्या मापात) फरक दिसला नाही. मुलांच्या रोजच्या खाण्यात शंभरेक कॅलरी कमी झाल्याचं पालकांनी सांगितलं, वजनाचा काटा मात्र हलला नाही. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आहाराच्या मार्गदर्शनाला गरोदरपणापासूनच सुरुवात केली गेली. कमी उत्पन्नाच्या ५३३ हिस्पॅनिक आया सहभागी होत्या. तिथे दोन वर्षांच्या वयात या मुलांचं वयाच्या मानाने सरासरी वजन, मार्गदर्शन न मिळालेल्या आयांच्या मुलांपेक्षा कमी होतं, आणि ज्या आया जास्त सत्रांना आल्या त्यांच्या मुलांत फरक जास्त होता. लठ्ठ मुलांचं प्रमाण मात्र तिथेही फारसं बदललं नाही.

यावरून मी काढतो तो निष्कर्ष फॉरवर्डच्या उलटा आहे. वर्ग घेऊन तेवढ्यावर थांबलो तर जुजबी फायदा होतो. वर्ग लवकर सुरू करायला हवेत, आणि ‘विक’सारखा किराण्याच्या यादीतला बदल सोबत हवा. वर्ग बंद करा, हे यातून कुठेच निघत नाही.

शेवटी ‘घरचं खा म्हणावं त्यांना’. राजमा आणि मक्याची तोर्तिया हेच तर त्यांचं घरचं जेवण. दोन पाळ्या करून रात्री दहाला घरी येणाऱ्या आईने राजमा कधी शिजत घालायचा, हे फॉरवर्डमध्ये लिहिलेलं नसतं.