समिती काढा, सुखी व्हा

परवा कुकरची दुसरी शिट्टी होतेय तोच फोनवर निवडणुकीसाठी देणगी मागणाऱ्या एका राजकीय समितीचा मेसेज. "लिंडा, आज रात्री बाराच्या आत १५ डॉलर दिले नाहीस तर सगळं संपलं!"

मी लिंडा नाही. हा नंबर आधी त्या बाईंचा असावा. सनीवेलला आल्यापासून तीन वर्षं मीच त्यांचा राजकीय वारस आहे. म्हटलं, रडण्यापेक्षा यांचा धंदा शिकून घ्यावा. तुम्हालाही कॅलिफोर्नियात अशी समिती काढायची असेल तर लिहून घ्या.

आधी नाव. त्यात धंद्याचा वास येता कामा नये. २०२२ साली ऑनलाइन सट्टा कायदेशीर व्हावा म्हणून सट्टा कंपन्यांनी प्रॉप २७, म्हणजे थेट जनतेच्या मताला टाकलेला प्रस्ताव, आणलं. समितीचं नाव काय, तर 'बेघर आणि मानसिक आरोग्य यांवर उपाय शोधणारे कॅलिफोर्नियावासी'! कराचा मोठा हिस्सा बेघरांना देणार होते ना. म्हणजे मटक्याच्या अड्ड्यावर अनाथाश्रमाची पाटी. समोरून कॅसिनोवाल्या मूळनिवासी जमातींनी स्वतःचं प्रॉप २६ आणलं. मग काय, टीव्ही लावा नाहीतर टपालपेटी उघडा, हेच. दोन्हींवर मिळून ४० कोटी डॉलरहून जास्त उडाले आणि दोन्ही पडली. २७ ला तर शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांनी 'नको' म्हटलं. जाहिरातवाल्यांची दिवाळी झाली, सल्लागारांची झाली. माझ्या ऑफिसच्या वाटेवर पुलाखालचे तंबू आहेत तिथेच आहेत.

मोठ्या देणगीदारांची नावं कायद्याने छापावीच लागतात. मुंगीच्या अक्षरात छापा.

कुणी 'थांबा' कळवलं की दुसऱ्या नंबरावरून मेसेज पाठवा.

हरायचं नसेल तर २०२० चं प्रॉप २२ गिरवा. ड्रायव्हरांना नोकर मानायला लागू नये म्हणून उबर, लिफ्ट, डोअरडॅश वगैरे टॅक्सी-डिलिव्हरी कंपन्यांनी २० कोटी डॉलर ओतले, आणि जिंकले.

आणि एवढं ओतणारे ढिगाने आहेत, तर माझ्या १५ डॉलरवर का टपलाय रे? मी एच-वन-बीवर आहे. मला मत नाही. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाने इथल्या उमेदवाराला, अगदी गावच्या निवडणुकीतसुद्धा, दमडी देणं गुन्हा आहे. तुमच्याच देणगीच्या फॉर्मवर खाली तसा चौकोन असतो, कधी वाचलाय? नंबर कुणाचा आहे हे तपासायची अक्कल नाही आणि म्हणे लोकशाही वाचवणार! आधी ती यादी साफ करा. लिंडाबाई हयात आहेत का, तेही बघा.

तुमच्या नादात माझा भात खाली लागला.