२३ किलोंची प्रवेशपरीक्षा

जर्मनीत एमएसला निघालेल्या मुलाची खरी प्रवेशपरीक्षा सदाशिव पेठेतल्या दिवाणखान्यात, उघड्या बॅगेभोवती होते, असं माझं ठाम मत आहे. परीक्षक पाच, आणि पाचही एकाच वेळी बोलणारे.

कागदपत्रांचं त्या मानाने सोपं. एपीएस प्रमाणपत्राला (म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत, या दाखल्याला) १८,००० रुपये भरायचे, व्हिसासाठी वर्षाचा खर्च दाखवायला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे गोठवलेल्या खात्यात, ११,९०४ युरो अडकवायचे आणि तिकडे पोचल्यावर आपलेच पैसे महिना ९९२च्या हप्त्याने परत घ्यायचे. गुणांचं रूपांतर मात्र आजीसमोर करू नये. दहापैकी ९.२चे (उत्तीर्णतेची रेघ ४ धरली तर) तिकडच्या सूत्राने १.४ होतात. जर्मनीत १ सगळ्यात वरचा हे कितीही समजावलं, तरी ‘घसरला ना पोरगा!’ हा तिचा निकाल फिरत नाही.

आता बॅग. विमान कंपनीने मोठ्या बॅगेला दिलेले २३ किलो हे नुसत्या सामानाचं वजन समजू नये; त्यात बॅगही आली. मोठी चाकांची बॅग रिकामीच चार किलोंच्या आसपास भरते, म्हणजे हातात उरले एकोणीस. घरच्या वजनकाट्यावर बॅग नीट उभी राहत नाही. म्हणून आधी आपण उभं राहावं, मग बॅग उचलून उभं राहावं आणि वजाबाकी करावी. काटा जुना असेल तर बावीसवरच थांबावं. वजन झालं की कुलूप लावून किल्ली खिशात टाकावी, नाहीतर रात्रीतून बॅगेत कुरडया उगवतात.

काय न्यायचं, यावर माझं गणित असं: तिकडच्या भारतीय दुकानात मिळतं ते न्यायचं नाही. तूरडाळ, हळद, पोहे बाहेर. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आत. सुकं खोबरं मात्र विमानातच चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून त्याची गणना धोकादायक मालात होते. (पंचखाद्याकडे मी तेव्हापासून जरा आदराने बघतो.) दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. म्हणजे बाकरवडीला व्हिसा मिळतो, पेढ्याला आणि साजूक तुपाला नाही.

कुकर तीन लिटरचा, तोही इंडक्शनवर चालणारा घ्यावा. नुसत्या ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर ढिम्म तापत नाही, आणि खोलीत कसली शेगडी असेल हे आधी कळेलच असं नाही. दोन जादा गास्केटं आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह आठवणीने घ्यावा. कुकरच्या पोटात मोजे भरावेत, जागा वाचते. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत ठेवावी. मिक्सर चालेल, तिकडेही २३० व्होल्टच आहेत. पण आपली तीन गोल पायांची पिन तिथल्या सॉकेटमध्ये शिरत नाही, अडॅप्टर लागतो.

सगळ्यात वरच्या थरात दोन किलो बळीचं सामान ठेवावं. मुंबई विमानतळावर काटा २४.६ दाखवतो, तेव्हा मागे रांग असते आणि तळातला कुकर उपसायला वेळ नसतो. वरची हिवाळी जाकिटं काढून सोडायला आलेल्यांच्या हाती द्यावीत. तशीही पुण्यातली थंडी बघून घेतलेली जाकिटं तिकडच्या ओल्या वाऱ्यापुढे टिकत नाहीत.

पोचल्यावर रविवारी दुकानं बंद असतात. दुपारी एक ते चारवर वाढलेल्या माणसाला याचं काही वाटू नये. खरी अडचण फोडणीची. खोलीत छतावर धूर ओळखणारं यंत्र असतं आणि त्याला मोहरी कळत नाही. खिडकी सताड उघडावी, एक्झॉस्ट आधी लावावा, तेल धुरावेपर्यंत तापवू नये, आणि रात्री दहानंतर तर कढई उचलूच नये. नाहीतर अख्खा मजला चपला घालून खाली अंगणात जमतो, अग्निशमन दलाची गाडी येते आणि तुम्हाला त्या गर्दीत, नव्याने शिकलेल्या जर्मनमध्ये, कांदेपोहे म्हणजे काय ते सांगावं लागतं.