हवा लागली की कॅन्सर पसरतो म्हणे!

मावशीची पाळी जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात परकरावर बोराएवढा लाल डाग दिसला, आठवड्याने पुन्हा. सोनोग्राफीसाठी मंगळवारची वेळ घेऊन ठेवली होती. सोमवारी रात्री तिचा फोन, "राहू दे गं, भिशीच्या ग्रुपवर काय आलंय ते वाच आधी."

वाचलं. 'मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला, प्रत्येक बहिणीपर्यंत पोचवा.' डॉक्टरांना नाव नाही, सल्ले मात्र सात.

काळ्या ब्राने आणि ब्लाऊजमध्ये मोबाइल ठेवल्याने स्तनाचा कॅन्सर होतो, हे पहिले दोन. कापडाच्या रंगाचा काडीचा संबंध नाही, मोबाइलबद्दलही तसा पुरावा नाही. तिसरा, हळदीच्या पाण्याने गाठ विरघळते. विरघळत नाही. हळद आमटीत घाला.

चौथ्याला माझं डोकं फिरलं. 'पाळी गेल्यावर लाल दिसलं तर ती उष्णता, सब्जा घ्या.' पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी डॉक्टरला दाखवायचं, एवढा साधा नियम आहे. बहुतेकींचं कारण किरकोळ निघतं, आतलं अस्तर पातळ झालेलं किंवा एखादा मस्सा. पण अशा दहा जणींतल्या साधारण एकीला गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असतो, आणि तो लवकर सापडला तर बहुधा बराही होतो. ती एक आपण नाही, हे सब्जा कसं सांगणार?

पाचवा, 'त्रास नसेल तर तपासणी कशाला?' पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूपासून होतो आणि तो तयार व्हायला बहुतेकदा पंधरा-वीस वर्षं जातात. त्यातली बरीचशी वर्षं बाईला काहीच जाणवत नाही. तपासणी असते ती त्याच वर्षांसाठी.

आता सहावा, ज्याने मावशी घाबरली : 'तपासायला आतला तुकडा काढला, हवा लागली, की कॅन्सर पसरतो.' हे तिच्या सासूनेही सांगितलं होतं. गावात कुणाचं तरी पोट उघडतात, सगळीकडे पसरलेलं दिसतं, तसंच शिवून टाकतात, दोन महिन्यांत ती जाते. दोष हवेला. ती बाई किती उशिरा आली होती, ते कुणी बोलत नाही.

शिवाय मेसेज म्हणतो, ही सगळी परदेशी संशोधनं. मावशीचं सासर उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं. तिथल्याच खेड्यांत १९९९ साली बार्शीच्या आणि मुंबईच्या कॅन्सर रुग्णालयांनी मिळून अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, चार गट. एका गटाची एचपीव्ही तपासणी, तीही आयुष्यात एकदाच. दोष दिसला त्यांना दुर्बिणीतून पाहिलं, गरज पडली तिथे तुकडा काढला, उपचार केले. आठ वर्षांत या गटात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. साधारण तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. तुकडा काढल्याने पसरत असता तर हे आकडे उलटे लागले असते. त्याच अभ्यासात पॅप (पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन तपासणं) आणि व्हिनेगर (ते पिशवीच्या तोंडाला लावून पांढरे डाग दिसतात का पाहणं) यांच्या एकवेळच्या तपासणीने मृत्यूंत ठळक फरक पडला नाही, हे खरं. पण मुंबईच्या वस्त्यांत व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी केली तेव्हा मृत्यू ३१ टक्के घटले.

सातवा : 'तपासणीला गेलात की पिशवीच काढतात.' इथे मला थोडं गप्प बसावं लागतं. बीडमधल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ पिशव्या काढल्या गेल्या, हा आकडा २०१९ साली विधिमंडळातच सांगितला गेला. त्यात ऊसतोड करणाऱ्या बायका किती तरी. अंगावरून पांढरं जातंय, पुढे कॅन्सर होईल, अशी भीती घालून पिशवी काढली जाते. पण मग रिपोर्ट मागा ना! तुकड्याचा रिपोर्ट हातात नसताना कॅन्सरच्या नावाने पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. हा मेसेज नेमका तोच रिपोर्ट काढू नका म्हणतो.

तासभर फोनवर भांडून मावशीने शुक्रवारची वेळ घेतली आहे. मी सोबत जाणार आहे. मेसेज अजून ग्रुपवर तसाच आहे, काल त्याखाली तिच्या जाऊबाईंनी हात जोडलेले टाकले.