हिरो जेवायला गेलाय

आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर सात फोटो आहेत आणि त्यातल्या एकातही आमच्या घरचं कोणी नाही. पाहुणा चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर उभा राहतो आणि दबक्या आवाजात विचारतो, "आजोबा का?" आजोबांच्या डोक्यावर घमेल्याएवढी टोपी आणि हातात भलामोठा कर्णा असतो. पण न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहणाऱ्या मराठी माणसाच्या आजोबांचं काही सांगता येत नाही.

"आजोबा नाहीत. जुन्या काऊबॉयपटाचं शूटिंग चाललंय."

"अच्छा! मग यातला हिरो कुठला?"

"हिरो जेवायला गेलाय."

यावर पाहुणा सहसा चिवड्याकडे वळतो.

मी जुन्या काऊबॉयपटांच्या शूटिंगचे फोटो जमवतो आणि खरं तर त्यात मला हिरो नकोच असतो. मला हवा असतो उन्हात चकचकीत पत्रा धरून घामाघूम झालेला पोऱ्या. छत्रीखाली उभा केलेला कॅमेरा, आणि मघाशी एकमेकांवर गोळ्या झाडून आता एकाच किटलीतली कॉफी पिणारे शेरीफ नि दरोडेखोर.

हा रोग मला इथल्या पाण्यातून लागला. वेस्टर्न, म्हणजे काऊबॉयपट, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ॲरिझोना येतं. पण 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा मूकपट एडिसन कंपनीने १९०३ साली काढला, तेव्हा त्यातली डोंगरझाडी आणि आगगाडी होती आमच्या न्यू जर्सीची. म्हणजे पश्चिमेतला सर्वांत गाजलेला दरोडा पूर्व किनाऱ्यावर पडला. साउथ माउंटनच्या ज्या जंगलात हे शूटिंग झालं, तिथे मी लग्नाच्या वाढदिवशी बायकोला घेऊन गेलो होतो. ती म्हणाली, "छान आहेत झाडं. आता जेवायचं कुठे?"

त्या सिनेमातल्या गिल्बर्ट अँडरसनने म्हणे घोडेस्वारी येते असं ठोकून दिलं होतं. येत नव्हती. पडला. आणि हाच गृहस्थ पुढे 'ब्रॉन्को बिली' होऊन पडद्यावरचा पहिला काऊबॉय स्टार झाला, कॅलिफोर्नियातल्या नाइल्स गावी तळ ठोकून त्याने ढिगाने छोटे सिनेमे काढले. मीही पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत "जावा येतं" असं सांगितलं होतं. तेव्हापासून मला तो आपला वाटतो.

या छंदात फोटोच्या तोंडापेक्षा पाठ महत्त्वाची. मुलगी बघायला गेलेल्या पूर्वीच्या सासवांसारखं सगळं उलटंसुलटं करून पाहावं लागतं. आठ बाय दहा इंचांचा कागद, मागे स्टुडिओचा शिक्का आहे का, वर्तमानपत्रांसाठी टंकलेली मजकुराची पट्टी चिकटवलेली आहे का, कापडाचं अस्तर आणि फाइलची भोकं आहेत का. भोकं असली तर आनंद! तिरपा धरल्यावर काळ्या भागावर आरशासारखी चांदी चढलेली दिसली, तर त्याहून आनंद, कारण ती जुनेपणाची खूण. बायकोच्या मते जुनी पैंजणं काळी पडली की मी नाक मुरडतो आणि इथे मात्र उलटी तऱ्हा.

शेवटची परीक्षा जांभळ्या टॉर्चची. साधारण १९५० च्या दशकापासून फोटोच्या कागदात पांढरेपणासाठी एक रसायन घालू लागले. आपल्याकडच्या रानीपालचीच जात. अंधारात टॉर्च मारला की असा कागद निळसर उजळतो. १९१५ चा म्हणून विकलेला फोटो उजळला, की समजायचं कोणीतरी तुम्हाला धुऊन वाळत घातलंय. माझा एक फोटो असा काही उजळला, की त्या प्रकाशात मला त्याची पावती वाचता आली असती. ही परीक्षा मी कपड्यांच्या कपाटात दार लावून घेतो. एकदा बायकोने दार उघडलं, तेव्हा आत मी, टॉर्च आणि भुतासारखे चमकणारे माझे सहा पांढरे शर्ट. तिने काहीही न विचारता दार लावून घेतलं. बावीस वर्षांच्या संसारात माणूस प्रश्न वेचून विचारायला शिकतो.

आता एवढं करून मिळवायचं काय? मूकपटांतला काऊबॉय नट टॉम मिक्स याचं उदाहरण घ्या. त्याचे कितीतरी मूकपट जुलै १९३७ मध्ये लिटल फेरीच्या गोदामात जळून गेले. नायट्रेटची फिल्म ती, उकाड्यात आपली आपणच पेटली. (गोदामही न्यू जर्सीतच. दरोडाही आमचा, आगही आमची.) त्या सिनेमांच्या जागी आता उरलेत हे कागद. म्हणून रात्री दोनला लिलावाच्या शेवटच्या सात सेकंदांत मी बोट सरसावून बसलेला असतो, आणि सहाव्या सेकंदाला कोणीतरी एक डॉलर जास्त देतो.

गेल्या महिन्यात मात्र मी जिंकलो. 'टॉम मिक्स आणि टोनी, शूटिंगच्या मधल्या सुट्टीत.' शिक्का होता, भोकं होती, चांदी होती. टॉर्चखाली कागद ठार काळोखात राहिला. बायकोला मी चाळीस डॉलर सांगितले. खऱ्या आकड्यातले चाळीसच सांगितले, मागचे शंभर राहिले.

तेव्हा आई आलेली होती. तिच्या वडिलांचा मिरजेला टांगा होता. तिने चष्मा पदराला पुसला.

"यातला टोनी कुठला?"

"घोडा. त्या काळी मालकाइतकाच प्रसिद्ध होता."

आईने माझ्या हातातलं भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं.

"बाळ्या, ही घोडी आहे."

मी फोटो हिसकावलाच. टोनीचे मागचे दोन्ही पाय खुरांपाशी पांढरे होते, हे मला पाठ आहे. हिचे चारही काळे. तीन आठवडे मी त्या फोटोची पाठ तपासत होतो, जनावराच्या पायांकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"पण घोडी चांगली आहे हो," आई समजुतीने म्हणाली. "कितीला पडली?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला.