नाताळ न पाळणाऱ्यांसाठी काही मोलाचे सल्ले

ख्रिस्ती असूनही नाताळ चुकीचा वाटतो ना तुम्हाला? मग ऐका. डिसेंबर लागला की मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोणीतरी झाडाला लाइटिंग करायला घेतंच, तेव्हाच तुम्ही एन्ट्री मारायची. कोणी शुभेच्छा दिल्या तर थँक्यू बिंक्यू म्हणायचं नाही, थेट विचारायचं, २५ डिसेंबर बायबलमध्ये कुठंय ते दाखव. तो दाखवू शकणार नाही, कारण तारीख खरंच कुठे दिलेली नाहीये. मग लगेच रोमन सूर्यदेव बाहेर काढा, हा मुळात त्याचाच सण म्हणून ठोकून द्या. आता काही अभ्यासक म्हणतात की २५ मार्चला गर्भधारणा धरून पुढे नऊ महिने मोजले म्हणून ही तारीख आली, पण एवढं ऐकून घेत बसलात तर भांडणार कधी?

बायबलमधलं प्रेषित पौलाचं गलतीकरांस पत्र ४:१० तोंडपाठ हवं. दिवस, महिने, ऋतू पाळता म्हणून पौल कसा चिडलाय ते वाचून दाखवा. रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय मात्र चुकूनही उघडू नका हां, तिथे हाच पौल म्हणतो की कोणी एखादा दिवस विशेष मानतो, कोणाला सगळे सारखेच, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. असलं वाचलं की माणूस ढिला पडतो. आणि योहान १०:२२ चं पान तर चिकटवूनच टाका, तिथे येशू भर हिवाळ्यात पुनःप्रतिष्ठेच्या सणाला (यहुद्यांचा हनुक्का) मंदिरात फिरताना दिसतो आणि तो सण मोशेच्या नियमशास्त्रात नाहीच.

आदर्श हवा असेल तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीचे इंग्रज प्रोटेस्टंट, घ्या. १६५९ मध्ये त्यांनी कायदाच केला, नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड, आणि मेजवानी सोडा, त्या दिवशी सण म्हणून काम बंद ठेवलं तरी दंड! १६८१ मध्ये रद्द झाला बिचारा. बाकी उपवासाचे आणि उपकारस्तुतीचे दिवस ही मंडळी स्वतः जाहीर करायची, पण ते वेगळं, ते आपले दिवस ना. तुम्हीही ऑफिसची नाताळची सुट्टी बिनधास्त घ्या, पगारी सुट्टीत मूर्तिपूजा नसते.

सण पाळणाऱ्यांनो, तुम्हीही हसू नका. वर्षभर चर्चकडे न फिरकता नाताळला पहिल्या बाकावर बसायचं आणि जो नाताळ करत नाही त्याच्या तारणावर शंका घ्यायची, हे तुमचं चालू द्या.

फक्त दुसऱ्या शतकातल्या दोन बिशपांच्या, स्मुर्णाच्या पॉलिकार्प आणि रोमच्या अनिसेतसच्या, नादी कोणी लागू नका. ईस्टर कधी करायचा यावर रोममध्ये दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही, तरी अनिसेतसने मान देऊन प्रभूभोजनाचा विधी पॉलिकार्पला चालवू दिला आणि दोघे शांतपणे आपापल्या वाटेने गेले. फूट नाही, वेगळी मंडळी नाही, साधी तू-तू मैं-मैं नाही. अशाने कसं व्हायचं?