अण्णांचा उतारा

दरवर्षी वसंतात एका सकाळी माझी लेक लघवीचा नमुना घेऊन शाळेत जाते. आम्ही टोकियोत निशिकासाईला राहतो, शाळा साधी सरकारी. आदल्या दिवशी छोटी बाटली घरी येते, उठल्यावरची पहिली लघवी त्यात भरायची आणि दप्तरात ठेवायची. कुणाला त्याची लाज वाटत नाही. त्यात प्रथिनं तपासतात, आणि मधुमेह ओळखायला साखर. साखरेची तपासणी इथल्या शाळांत १९९२ पासून आहे. पहिल्यांदा ती बाटली हातात आली तेव्हा मला माझे वडील, अण्णा, आठवले.

अण्णांचा ऊस मोहोळ तालुक्यात. कारखान्याला ऊस गेला की उतारा किती लागला, म्हणजे उसातून साखर किती टक्के निघाली, हे त्यांना दशांशापर्यंत तोंडपाठ असे. स्वतःच्या रक्तातली साखर मात्र बावन्नाव्या वर्षी कळली, टाचेची जखम दोन महिने भरेना तेव्हा. पायाची दोन बोटं गेली. त्याआधी वर्षभर त्यांना सारखी तहान लागायची, रात्री चार-चारदा उठायचे. मी दहावीत होते, सगळं बघत होते. स्वादुपिंडाची आकृतीही वहीत सुबक काढली होती. त्या आकृतीचा अण्णांच्या तहानेशी संबंध आहे, हे मला कुणी सांगितलं नाही.

मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांत साखरेचे फलक, म्हणजे खाण्यापिण्यात साखर किती आणि जास्तीची का वाईट हे सांगणारे फलक, लावायला सांगितलं. आमच्या घरच्या ग्रुपवर लगेच वाद झाला. काका म्हणाले, "हे शहरातल्या पोरांचं दुखणं. आपल्या पोरींना आधी रक्तवाढीच्या गोळ्या द्या." चुलत बहीण माढ्याकडे जिल्हा परिषद शाळेत शिकवते. ती म्हणाली, "अक्का, दोन वर्ग एकटी सांभाळते, वर निवडणुकीची कामं. आता शुगरपण मीच शिकवू?"

गोळ्यांचं खरं आहे, बहिणीचंही. पण शहरातलं दुखणं? आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही निघाले, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्यांचं प्रमाण गावात आणि शहरात जवळजवळ सारखंच.

फलकाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. गोड वाईट, एवढंच त्यावरून पोरांना कळणार. मग टाइप १ मधुमेह झालेल्या पोराला सगळे म्हणणार, गोड खाऊन ओढवून घेतलंस. त्याच्या स्वादुपिंडात इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर ताब्यात ठेवणारा रस, बनणंच थांबलेलं असतं, त्यात जिलेबीचा दोष नाही. उलट बाहेरून घेतलेल्या इन्सुलिनने वर्गात रक्तातली साखर फार उतरून त्याला घाम फुटला, हात थरथरले, तर तिथल्या तिथे साखरच द्यावी लागते. हे शेजारच्या बाकावरच्या मित्राला माहीत हवं.

जपानी शाळेत आरोग्यासाठी वेगळ्या शिक्षिका असतात. आपल्याकडे गावोगावी तेवढी माणसं उद्या मिळणार नाहीत. (आणि इथलं सगळंच उचलावं असंही नाही, इथल्या जेवणात मीठ फार.) पण गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी महिन्यातून एक तास सातवी-आठवीच्या वर्गाला दिला तरी खूप होईल. मुलांना बीपीचं यंत्र हाताळू द्यावं, आकडा वाचायला शिकवावं. तिशीपुढच्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, हे त्या पोरांनीच घरी जाऊन सांगावं. आमच्या घरात औषधाच्या पाकिटावरचं वाचणारी मीच होते.

बहिणीने मागच्या महिन्यात माझ्या आग्रहाखातर सातवीला एकच गृहपाठ दिला: घरात कुणाला कसली गोळी चालू आहे, शेवटची तपासणी कधी झाली. तिने वह्यांचे फोटो पाठवले. आजोबांपुढे बीपी लिहिलंय, वडिलांपुढे शुगर, एका चुलत्यापुढे दोन्ही. आईपुढे जवळजवळ प्रत्येक वहीत एकच: कधी तपासलं नाही.