अप्रेंटिसशिप केली की कंपनी परमनंट करतेच, हे खरं नाही

आयटीआयच्या पोरांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की एक वर्ष अप्रेंटिस केलं की कंपनीला कायद्याने कामावर घ्यावंच लागतं. असं नाहीये. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याचं कलम २२ बघा, २०१४ च्या बदलानंतर तिथे एवढंच आहे की अप्रेंटिसला घ्यायचं की नाही याचं धोरण कंपनीने स्वतः ठरवायचं. हां, तुमच्या करारातच नोकरीची अट लिहिली असेल तर मात्र कंपनी बांधील असते, म्हणून सही करायच्या आधी करार नीट वाचा रे.

मग घेतात कोणाला? मी चाकणला फिटर-टर्नरच्या भरतीत बसतो, आम्ही मार्कशीटवर नजर टाकतो आणि लगेच हातात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) देतो. जॉबचा, म्हणजे मशीनवर बनवलेल्या तुकड्याचा, डाया (व्यास) सांग म्हटलं की बरीच पोरं मेन स्केल वाचून थांबतात, ०.०२ मिमीचा लीस्ट काउंट (साधनावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) धरून पुढचं वाचतच नाहीत, ८५ टक्केवाला पण तिथेच अडकतो. मागच्या वेळी एका पोराने आधी व्हर्नियरचे जॉ (तुकडा पकडणारे जबडे) पुसले, झिरो एरर बघितला, म्हणजे जॉ बंद केल्यावर माप शून्य दाखवतं का ते, मग माप घेतलं, इंग्रजी जेमतेम होतं त्याचं, तरी घेतला. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात किती कमी-जास्त चालतं ते) वाचता येतो का आणि अप्रेंटिसच्या वर्षात हजेरी कशी होती हे पण विचारतोच.